पुढचा थांबा पाण्याची टाकी

नाशिकमध्ये कुणीच राहत नाही, असं लहानपणी माझं ठाम मत होतं. आम्ही नाशिकरोडला राहायचो. नाशिकरोडचा माणूस खरेदीला निघाला की म्हणायचा, "नाशिकला जाऊन येतो." माझी मावशी सातपूरला राहायची. तीही पिशवी काखोटीला मारून शेजारणीला सांगायची, "नाशिकला जाऊन येते गं." देवळालीचे लोक तसेच. सिडकोतले "गावात जातो" म्हणायचे, आणि पंचवटीतल्या माणसाला नुसता गोदावरीचा पूल ओलांडायचा असला तरी त्याचं "नाशकात काम" निघायचं. मग नाशिकमध्ये राहतं कोण, असं मी एकदा वडिलांना विचारलं. ते पेपर वाचत होते. "दुकानदार," ते म्हणाले. मला ते बरीच वर्षं खरं वाटत होतं.

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. आई आणि मावशी या पाठोपाठच्या बहिणी, नांदगाव तालुक्यातल्या. आईला एकलहऱ्याचा कामगार मिळाला आणि वर्षभरात मावशीला सातपूरच्या कारखान्यातला फिटर. गावात सगळ्यांना फार बरं वाटलं. दोघी बहिणी नाशकातच दिल्या, रोज भेटतील, एकीचं मीठ संपलं तर दुसरीकडून आणतील, असं लोक म्हणत होते. गावाहून बघताना नाशिक म्हणजे एक ठिपका दिसतो. इथे आल्यावर दोघींना कळलं, की एक या टोकाला पडली आहे आणि दुसरी त्या टोकाला. मधे मळे, नाले, मोकळी रानं, मग टेकड्यांवर चढउतार करत वसलेलं जुनं गाव, मग पुन्हा माळ. मिठाचं तर सोडाच, आईचा निरोपसुद्धा मावशीला दोन दिवसांनी मिळायचा.

आईच्या दोरीवरच्या कपड्यांवर वीज केंद्राच्या चिमणीची राख पडायची आणि मावशीचा भात कारखान्याच्या भोंग्यावर शिजायचा. एवढा फरक सोडला, तर दोघींचे संसार सारखेच होते. बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसून दोघी गावाबाहेरच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशी भेटायच्या. तिथल्या पायऱ्या चढताना त्यांचं बोलणं थांबायचं नाही. वरून सगळं नाशिक दिसायचं, पण दोघींना ते कधी दिसलं असेल असं मला वाटत नाही, कारण दोघी एकमेकींकडे तोंड करून बसायच्या.

एरवी भेटायचं म्हणजे आईला बसचा प्रवास. नाशिकरोडहून एक बस सीबीएसला, म्हणजे गावातल्या मोठ्या स्टँडला, तिथून दुसरी सातपूरला. आईला वाचता येत होतं, पण पाट्या वाचून प्रवास करणं तिला कमीपणाचं वाटायचं. तिच्या खुणा ठरलेल्या असत. पेरूची बाग आली की उपनगर. मोठा चौक आणि उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं की द्वारका. सातपूरच्या रस्त्याला लागल्यावर उजव्या हाताला सिमेंटची उंच पाण्याची टाकी दिसली की उठायचं, कारण मावशीच्या थांब्याचं नावच होतं पाण्याची टाकी. बस थांबायच्या आत आई दारात उभी असायची आणि खाली मावशी.

आता उपनगर हे काय गावाचं नाव आहे? कुणी मुलाचं नाव 'मुलगा' ठेवेल का? पण नाशिकमध्ये तसं झालं आहे. शहराच्या बाहेर काही घरं उठली, लोक त्यांना उपनगर म्हणायला लागले, पुढे शहर तिथून कितीतरी लांब गेलं, तरी नाव तेच. नाव ठेवण्यात आमच्या लोकांनी कधी वेळ दवडला नाही. तुरुंगाचा रस्ता म्हणून जेलरोड. तिथे राहणारा माणूस सासुरवाडीत पत्ता सांगताना अजून जरा थांबतो.

रेल्वे काही शहरात आली नाही. स्टेशन लांब माळावर पडलं आणि त्याच्याभोवती नाशिकरोड वसलं. पूर्वी म्हणे स्टेशनापासून नाशिकपर्यंत घोड्यांची ट्राम होती. नोटांचा छापखाना आला, पलीकडे देवळालीत लष्कर होतंच, वीज केंद्र आलं. तिकडे सातपूरला सरकारने औद्योगिक वसाहत काढली. मग अंबड, सिडकोची घरं. आई आणि मावशीच्या मधला मोकळा भाग भरत चालला. कोण कोण येऊन राहिलं त्यात! मालेगाव-सटाण्याकडचे अहिराणी बोलणारे, पेठ-सुरगाण्याचे डोंगरातले, सिन्नर-निफाडचे, पार उत्तरेकडून आलेले वेल्डर आणि प्लंबर. पेरूची बाग गेली, तिथे 'गार्डन' नावाची इमारत झाली. रसवाला उड्डाणपुलाखाली गेला. प्रत्येक फेरीला आईची एखादी खूण हरवायची आणि ती मावशीकडे गेल्यावर आधी त्याची तक्रार करायची.

त्याआधी कधीतरी महानगरपालिका झाली होती. नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर या वेगवेगळ्या नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एका दावणीला बांधली गेली. कागदावर आम्ही सगळे नाशिककर झालो. वडील त्या दिवशी म्हणाले, "चला, आता आपणही दुकानदार." आई मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी म्हणाली, "नाशिकला जाऊन येते."

माझं सांगायचं तर मी एसटी स्टँडवर नोकरी केली. चौकशीच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या. "नांदगाव, येवला मार्गे नांदगावला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे." लोकांना वाटायचं, यात काय एवढं. त्यांना माहीत नाही, की स्टँडवर अर्ध्या लोकांना पाटी दिसत नाही, पाव लोकांना वाचता येत नाही आणि उरलेले वाचूनही विचारायला येतात. गावाचं नाव कानात नीट पडलं तरच माणूस गाडी पकडतो. म्हणून मी नाव दोनदा घ्यायचे. पहिल्या वेळी कान जागा होतो, दुसऱ्या वेळी त्याला कळतं. माझा आवाज मोठा, राग त्याहून मोठा. घरी मला भोंगा म्हणतात आणि ते खोटं नाही. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी मला शाल दिली आणि सगळ्यात आधी माइकचा आवाज कमी केला.

निवृत्तीनंतर मी आईजवळच राहायला आले. वडील गेले होते. आईच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला होता आणि तो ध्यानात येईपर्यंत बरीच नजर घेऊन गेला. तिला उजेड कळतो, माणूस कळतं, समोरचा भात कळतो. पण चालत्या बसच्या खिडकीतून बाहेर नुसता रंग पळताना दिसतो. मावशीची नजर शाबूत, पण गुडघे गेले. तिला बसची पायरी चढता येत नाही. म्हणजे जायचं आईनेच. आणि मी, माझा भाऊ किंवा वहिनी, कुणीतरी बरोबर असल्याशिवाय आई जाऊ शकत नव्हती. आम्ही न्यायचो, पण आमच्या सवडीने. दोघी बोलायला बसल्या की आम्ही घड्याळ बघायचो. आई एकदा चिडून म्हणाली, "मी काय पार्सल हाय का? पोचवायचं नि घेऊन यायचं."

त्याच सुमारास नवीन शहर बस आल्या. नाशिकरोडहून थेट सातपूर, मधे बदलायची गरज नाही. दारं आपोआप बंद होतात, आणि आत एक बाई बोलते. पुढचा थांबा कोणता ते सांगते. आईने हे शेजारणीकडून ऐकलं आणि तिचा चेहरा असा खुलला, की मला बऱ्याच दिवसांत तो तसा दिसला नव्हता. "बाई नाव सांगती ना? मग मला डोळे कशाला पाहिजेत? कान लय चांगले हायेत माझे."

मी तिला बसमध्ये बसवून दिलं. तिकडे मावशी काठी टेकत थांब्यावर येऊन उभी राहिली. आणि बस तिच्यासमोरून निघून गेली.

झालं असं, की बसमधली बाई मराठी नव्हतीच. बाईही नव्हती. ते यंत्र होतं. कुणीतरी थांब्यांची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली होती आणि यंत्र ती आपल्या अकलेप्रमाणे वाचत होतं. इंग्रजीत ण नाही, ट आणि त वेगळे नाहीत. आई 'पाण्याची टाकी' या शब्दांची वाट बघत सावरून बसली होती आणि यंत्र म्हणालं, "पुढील थांबा, पन्याची ताकी." आईला वाटलं, हिंदीत काहीतरी सूचना दिली. गर्दी होती, वाहक पुढे होता. बस शेवटच्या थांब्याला कारखान्यांपाशी जाऊन थांबली, तेव्हा पाळी सुटली होती आणि हॉर्नच्या आवाजात आई सीटवर तशीच बसलेली. शेजारच्या बाईने विचारलं, कुठे उतरायचं होतं? आईने सांगितलं. ती मालेगावकडची असावी. म्हणाली, "माय, तुन्ही टाकी तं मांगेच राहीनी!"

लोक चांगले होते. दोन कामगारांनी आईला हाताला धरून उतरवलं, रिक्षात बसवलं, एक जण टाकीपर्यंत बरोबर आला. काहीही वाईट झालं नाही. पण घरी आल्यावर आई पाणीसुद्धा न पिता बसून राहिली. "धरून उतरवलं मला," ती म्हणाली. "धरून!" सगळ्या आयुष्यात बस थांबायच्या आत दारात उभी राहणारी माझी आई. मग तिने जाहीर केलं, "मी नाय जात आता. फोन हाय की." दोघींचा फोन म्हणजे दोन बहिऱ्या माणसांचं भांडण वाटावं असा असतो, आणि तो ठेवल्यावर आई नेहमी आधीपेक्षा गप्प व्हायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी त्या बसमध्ये बसले, फक्त ऐकायला. देवा रे! उपनगरचं झालं होतं अपनगर, जणू खाली डाऊननगर आहे. द्वारकेला यंत्र ड्वारका म्हणालं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं, की ते म्हसरूळच्या बसने येतात आणि तिथे रोज मसरूल ऐकतात. नाव मराठी, ऐकणारा मराठी आणि मधे इंग्रजीचा टोलनाका. प्रत्येक नाव तिथून जाताना आपला ण आणि ळ भरून पुढे जायचं. माझं डोकं असं तापलं, की मी उतरले ती थेट बसच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि "नोंद केली आहे" म्हणाली. पुन्हा गेले, तेव्हाही नोंद केली. नोंदी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. बसमध्ये अपनगर चालूच होतं.

मग मी माझं मीच काम हातात घेतलं. रोज सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या वेळेला मी त्या बसमध्ये चढायचे आणि यंत्राने नाव घेतलं की मागून माझ्या स्टँडच्या आवाजात खरं नाव पुकारायचे. दोनदा. "उपनगर. उपनगर." पहिल्या दिवशी लोक दचकले. एका पोरीच्या हातातला फोन पडला. दुसऱ्या दिवशी काही जण हसले. त्यानंतर गंमत सुरू झाली. यंत्र "अपनगर" म्हणालं, की मी तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरची कॉलेजची मुलं ओरडायची, "उपनगर!" नर्सिंगच्या मुली, बँकेचा शिपाई, भाजीवाल्या, सगळे त्यात आले. द्वारकेला तर इतका मोठा गजर व्हायचा, की रस्त्यावरचे लोक वळून बघायचे.

मग वाद सुरू झाले. एका थांब्याचं पाटीवरचं नाव वेगळं आणि लोकांच्या तोंडातलं वेगळं. कुणी म्हणायचं, हा थांबा म्हणजे जुनी चक्की. दुसरा म्हणायचा, चक्की बंद पडून जमाना झाला, आता दवाखाना म्हणा. "तुमचा दवाखाना कालचा आहे हो!" "अहो, मग काय मेलेल्या चक्कीवर उतरायचं?" सुरगाण्याकडचा एक पोलीस शिपाई त्याच्या बोलीत काहीतरी सांगायचा, त्याच्यावर बिहारचा सुतार हिंदीत मत द्यायचा, आणि दोघांना चक्की कुठे होती ते बरोबर माहीत असायचं. मी नोकरीभर नाशिकची गावं पुकारली, पण नाशिक बघितलं ते त्या बसमध्ये. सगळे कुठून कुठून आलेले आणि सगळे जीव तोडून भांडत होते ते आपल्या थांब्यासाठी. मला फार आनंद होत होता, आणि आवाज बसेपर्यंत मी ओरडत होते.

एका वाहकाला हे सहन झालं नाही. त्याने माझ्याविरुद्ध तक्रार केली, की एक ज्येष्ठ महिला रोज बसमध्ये गोंधळ घालते. आणि मला साहेबांकडून बोलावणं आलं! माझ्या तक्रारीने जे झालं नाही, ते माझ्याविरुद्धच्या तक्रारीने झालं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

साहेब तरुण होते, गोड बोलणारे. म्हणाले, "मॅडम, तुमची भावना समजते. पण सिस्टीम बाहेरून बसवलेली आहे, सगळीकडे अशीच चालते. थोडा उच्चार इकडेतिकडे झाला तर लोक समजून घेतात."

"माझ्या आईने समजून घेतलं नाही," मी म्हणाले. "ती समजायच्या नादात कारखान्यापर्यंत गेली." आणि मग त्यांना सगळं सांगितलं, टाकी, मावशी, धरून उतरवलं ते. त्यांनी ऐकलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते खिडकीतलं "नोंद केली" दिसायला लागलं होतं.

"साहेब, तुमचं गाव कोणतं?" मी विचारलं.

"यवतमाळ."

मी उठून उभी राहिले, पदर खोचला आणि यंत्राच्या आवाजात म्हणाले, "पुढील थांबा, यावतमल. यावतमल."

ते हसले. मग हसायचे थांबले. "मोबाईलमधली रस्ता सांगणारी बाईसुद्धा असंच म्हणते हो," ते म्हणाले. "आमच्या बाबांना ते ऐकून फार राग येतो. गाडीत ते तिच्याशी भांडतात." बाबांची आठवण निघाल्यावर साहेब साहेब राहिले नाहीत. चहा आला. तो पिता पिता त्यांनी विचारलं, "तुम्ही वाचाल का? एकाच मार्गाचं करून बघू आधी. तुमच्याच." मी कप खाली ठेवला आणि हो म्हणाले.

सिडकोत एका फ्लॅटमध्ये आवाज रेकॉर्ड करायची खोली होती. भिंतींना गाद्या लावलेल्या. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ वाढदिवसाच्या जाहिराती आणि उमेदवारांचा प्रचार असं सगळं करणारे, अनुभवी. ते काचेपलीकडून म्हणाले, "ताई, जरा गोड म्हणा ना, हसून." मी म्हणाले, "थांबा गोड नसतो, थांबा स्पष्ट असतो. उतरणाऱ्याला हसू नको, नाव पाहिजे." त्यांनी पुन्हा काही सुचवलं नाही. मी स्टँडसारखंच केलं, प्रत्येक नाव दोनदा, मधे श्वासाएवढी जागा सोडून. चक्कीच्या थांब्याला पाटीवरचं नाव घेतलं आणि साहेबांना विचारून पुढे "जुनी चक्की" पण जोडलं. दवाखानावाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पाण्याच्या टाकीपाशी मी थांबले. ती टाकी आता नाही. धोकादायक झाली म्हणून कधीच पाडली, जागा सपाट केली, तिथे बाकडी आहेत. सगळ्या खुणा गेल्या, बाग गेली, रसवाला गेला, शेवटी टाकी गेली, आणि आईची नजरही गेली. राहिलं होतं ते एवढं नाव, आणि तेच यंत्राने मोडून ठेवलं होतं. मला रडू आलं. गृहस्थ काचेपलीकडे खाली बघून वायरी नीट करत बसले. मग मी नाक पुसलं आणि ण असा खणखणीत काढला, की त्यांच्या आवाज मोजायच्या काट्याने लाल रेघ गाठली. "पाण्याची टाकी. पाण्याची टाकी."

आईला मी एवढंच सांगितलं, की बसमधली बाई बदलली आहे. आता नीट बोलते.

"बोलू दे," आई म्हणाली. "मला नाय जायचं."

मी समजावलं, रागावले, शेजारणीला मधे घातलं. आई हलेना. शेवटी काम केलं मावशीने. तिने फोनवर नेहमीच्या ओरडण्यात विचारलं, "घाबरली का गं तू? बसला?"

"घाबरतंय कोण!"

"मग ये की. का मी येऊ रांगत?"

आईने फोन ठेवला आणि पांढरी साडी काढायला लावली. निघताना मला दारातच थांबवलं. "तू यायचं नाय. मागच्या बशीत बसून पण नाय. मला कळतं." मी तिला थांब्यापर्यंत सोडलं, बसचं दार बंद झालं आणि मी घरी येऊन फोनसमोर बसले. स्टँडवर इतकी वर्षं हजारो लोकांना गाडीत बसवलं, पण पोचले की नाही याची काळजी एकाचीही केली नव्हती. त्या दिवशी सगळी एकदम केली. आता उपनगर, आता द्वारका, असं मनात पुकारत होते. द्वारकेला गाड्यांची गर्दी असणार, मग शालिमार, मग सीबीएस, मग त्र्यंबक नाका. भाजी जळली.

फोन वाजला. मावशी ओरडत होती, "अगं, ही बघ! बस थांबायच्या आधी दारात उभी!" मागून आईचा आवाज येत होता, "दे गं इकडे फोन, माझी पोरगी हाय ती." पण मावशीने काही फोन दिला नाही, कारण दोघींनी तोवर बोलायला सुरुवात केली होती आणि मी त्या फोनवर आहे हे विसरल्या होत्या. मी बराच वेळ ऐकत राहिले.

आई अंधार पडायच्या आत परतली, एकटी. कपाळावर घाम, हातात मावशीने दिलेली कोथिंबीर. खुर्चीत बसून तिने आधी पाणी मागितलं. मग म्हणाली, "पहिल्याच थांब्याला वळखलं मी. स्टँडवर वरडायचीस तसंच वरडती." मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. "शेजारी एक बाई बसली होती," आई पुढे म्हणाली. "म्हणती, आजी, एकट्याच निघाल्या? म्हटलं, एकटी कुठं? पोरगी हाय ना बरोबर. ती इकडंतिकडं बघायला लागली. म्हटलं, खाली नाय, वर बघ. ती काय बोलती ती."

हे सांगताना आई इतकी हसली, की तिच्या हातातला पेला सांडला. मीही हसले आणि रडलेही, दोन्ही मोठ्याने, कारण हळू मला काहीच जमत नाही.

इतर मार्गांचंही काम आता सुरू झालं आहे. म्हसरूळचा ळ मी स्वतः म्हणून आले आहे. आई आता मनात येईल तेव्हा सातपूरला जाते. आमची परवानगी घेत नाही, वेळ सांगत नाही, आणि मावशीकडे मुक्काम करायचा ठरलं तर तिथून फोन करते.

परवा ती निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत गेले होते. समोरच्या काकू झाडांना पाणी घालत होत्या. नेहमीसारखं विचारलं, "काय आजी, निघाल्या का नाशिकला?"

आई थांबली. काठी डाव्या हातात घेतली. "नाशिकला कशाला जाऊ?" ती म्हणाली. "नाशकातच तर हाय मी. इथून पार सातपूरपर्यंत समदं नाशिकच हाय. बहिणीकडं चालले, नाशकातल्या नाशकात."

काकू पाइप तसाच धरून उभ्या राहिल्या. बस आली, दार उघडलं, आतून माझा आवाज आला, आणि आई माझ्याकडे वळूनही न बघता चढली.